परत म्हणणे म्हणजे होकार नव्हे

माझ्याविषयी सध्या पुणतांब्यात दोन गोष्टी सांगितल्या जात आहेत. पहिली अशी, की डॉक्टरांच्या गोळ्यांनी माझा रक्तदाब ताळ्यावर आला. दुसरी अशी, की रक्तदाब काही केल्या ताळ्यावर येईना, म्हणून मुलगा मला उचलून पुण्याला घेऊन चालला आहे. या दोन्ही गोष्टी सांगणारी माणसे बहुतेक तीच आहेत. स्टेशन रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपुढे एकाच बाकावर बसून ती हे सांगतात आणि दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, याचा त्यांना यत्किंचितही संकोच वाटत नाही. मला वाटतो. म्हणून खरे काय घडले ते लिहून ठेवतो आहे.

कोणाचे म्हणणे खोडून काढण्यापूर्वी मी ते त्याच्याच शब्दांत मांडतो, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. आयुष्यभर मी असा नव्हतो. निदान घरात तरी नव्हतो. ही सवय मला याच वर्षी लागली आणि माझा रक्तदाब उतरण्याचे श्रेय कोणाला द्यायचेच असेल, तर ते तिला आहे.

मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो. नोकरी लहान स्टेशनांवर झाली, पहिली आणि शेवटची नेमणूक पुणतांब्यातच. मोठ्या स्टेशनाचा मला हव्यास नव्हता आणि मोठ्या स्टेशनालाही माझा नसावा. निवृत्त झाल्यावर पुणतांब्यात रुळांपासून हाकेच्या अंतरावर घर बांधले. ‘नोकरी सुटली तरी मास्तरला रूळ सुटंना,’ असे लोक म्हणाले. हे मात्र खरे आहे आणि खरे असेल ते मी नाकारत नाही. मला गाडीचा आवाज लागतो. मालगाडी येऊ लागली की खिडकीची काच थरथरते, फळीवरचे पेले एकमेकांना लागतात आणि गाडी निघून गेल्यावर जी शांतता पसरते, तिच्यासारखे औषध मी दुसरे पाहिलेले नाही. प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्यामागे एक खूण असते. ती डोळ्यांनी पाहिल्याखेरीज गाडी पूर्ण गेली असे मास्तरने मानायचे नसते. मध्येच डबे सुटून मागे रुळावर राहिलेले असू शकतात. अजूनही मी खिडकीतून ती खूण पाहतो आणि मगच मान वळवतो.

पत्नीचेही गाडीवर प्रेम आहे, अशी माझी समजूत होती. ती ओसरीवर मेथी निवडत बसलेली असली आणि गाडी आली, की तिचा हात थांबायचा. शेवटचा डबा जाईपर्यंत जुडी तशीच हातात राहायची. सगळा संसार स्टेशनाच्या क्वार्टरमध्ये झालेला; गाडीला एवढा मान ती देणारच, असे मी धरून चाललो होतो.

आता मूळ प्रसंग. गेल्या उन्हाळ्यात राहात्याच्या एका मंगल कार्यालयात मी भांडता भांडता बेशुद्ध पडलो, असे सांगितले जाते. मी बेशुद्ध पडलो नाही. मी बसलो. खाली खुर्ची नव्हती, एवढाच काय तो फरक.

वाद माझ्या हद्दीतला होता. आमच्या पंगतीत पेरूच्या बागांचे एक मालक बसले होते. मसालेभात वाढणाऱ्याला मध्येच थांबवून ते सर्वांना सांगू लागले, की पूर्वी अमुक एक्स्प्रेस पुणतांब्याला थांबत असे. थांबत नव्हती. ती गाडी जाताना हातात हिरवा कंदील धरून मी स्वतः फलाटावर उभा राहिलेलो आहे. थांबणाऱ्या गाडीचा वारा आणि न थांबणाऱ्या गाडीचा वारा यांतला फरक माझ्या नोकरीतल्या कोटाला विचारा.

“मास्तर, मी सोता उतरलोय त्या गाडीतून,” बागायतदार म्हणाले.

“त्या गाडीतून उतरला असतात, तर आज ही जिलेबी खायला उरला नसतात.”

पंगत हसली. त्यांचा चेहरा पडला आणि मग त्यांनी ते वाक्य काढले: “जाऊ द्या. वय झालं मास्तरांचं. आता कुठं आठवतंय त्यांना?”

मी उठून उभा राहिलो, हे मला स्वच्छ आठवते. कानांत इंजिनाची वाफ सुटल्यासारखे झाले, समोरच्या भिंतीवरची झालर डावीकडे सरकू लागली आणि मी वर सांगितल्याप्रमाणे बसलो.

राहात्याच्या डॉक्टरबाई तरुण आहेत आणि माझ्या दंडाला पट्टा बांधताना फार बोलत नाहीत. आकडा पाहून त्यांनी तो पुन्हा मोजला. मी विचारले, “तुमचे हे यंत्र शेवटचे कधी तपासले होते?”

“काका, यंत्र चांगलं आहे.”

“सगळेच असे म्हणतात.”

“हेच ते,” त्या पत्नीकडे वळून म्हणाल्या. “गोळ्या देते. मीठ कमी करा, रोज चाला, झोप पुरेशी घ्या. पण मला सांगा काकू, हे घरीही असेच बोलतात का?”

पत्नी काही बोलली नाही. पदराने चष्मा पुसत राहिली. तिचे हे न बोलणे मी तेव्हा माझ्या बाजूने धरले.

दुसऱ्या दिवशी मुलगा पुण्याहून आला. त्याने मला एकदम उत्तर देण्याची संधी न देता, वाटेत पाठ करून आणल्यासारखे, बोलायचे ते बोलून टाकले. “नाना, दिवाळीला परत तपासू. उतरलं असेल तर राहा इथं, मी एक शब्द बोलणार नाही. नसेल उतरलं, तर तुम्ही आणि आईनं पुण्याला यायचं आणि या घराला कुलूप लावायचं.”

पुण्यातला फ्लॅट मी पाहिलेला आहे. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची खिडकी. मी म्हणालो, “आम्हा दोघांना ते मान्य नाही.” दोघांना, असे म्हणालो.

तेव्हा दिवाळीपर्यंत रक्तदाब उतरवणे मला भाग होते. ‘मास्तर पुण्याला भिऊन सुधारले,’ असे एक तिसरे म्हणणेही गावात आहे. भीतीने रक्तदाब चढतो, उतरत नाही. एवढे शरीरशास्त्र टपरीवरच्यांनाही ठाऊक असायला हरकत नव्हती.

मी कामाला लागलो. प्रथम चालणे. मशिदीजवळच्या गल्लीत माझा एक शिंपी मित्र राहतो. त्याच्या वडिलांनी माझ्या नोकरीचा पहिला पांढरा कोट शिवला आणि शेवटचा त्याने. आता त्याचे दुकान मुले पाहतात आणि तो लोकांच्या कपड्यांकडे पाहून मनातल्या मनात माप घेत हिंडतो. आम्ही दोघे सकाळी नदीच्या घाटापर्यंत जाऊ लागलो. वरच्या धरणातून पाणी सोडलेले असले की गोदावरी पायऱ्यांना लागून वाहते. नसले की खडकांत डबकी दिसतात आणि बगळे. चालण्याने पाय हलके झाले, भूक लागू लागली, हे मी मान्य करतो. परंतु शिंप्याला आणि मला वाटेत एखादा विषय सापडे, आणि घाटावर पोहोचेपर्यंत मी असा तापलेला असे, की तो म्हणायचा, “मास्तर, पान्यात पाय सोडा, वाफ निगंल.”

घाटावर सकाळी निवृत्त मंडळी गोलात उभी राहून हात वर करतात आणि एकदम हसतात. मला त्यात ओढण्यात आले. मी विचारले, “विनोद कोणता झाला?” कोणालाही सांगता येईना.

“अवो, आदी हसायचं,” शिंपी कानात म्हणाला. “इनोद मागून येतोय.”

“मागून येणाऱ्या गाडीसाठी मी आधी सिग्नल पाडत नसतो,” असे सांगून मी बाहेर पडलो.

सूनबाईंनी मोबाईलमध्ये एक सोय करून दिली. तीत एक बाई सावकाश आवाजात श्वास घ्या, श्वास सोडा असे सांगते. मी तिच्या जन्माआधीपासून घेतो आणि सोडतो आहे. तरी सूनबाईंच्या शब्दाखातर रोज दुपारी ऐकत असे. बहुतेक वेळा ऐकता ऐकता डोळा लागे, आणि त्या झोपेला मी नावे ठेवणार नाही. मिठाचे सांगायचे, तर पत्नीने ते न सांगता कमी केले. मी तक्रार केली तेव्हा तिने मिठाची बरणी माझ्यापुढे ठेवली आणि आत निघून गेली. बरणीला मी हात लावला नाही. तो स्वाभिमान होता. संयमाचे श्रेय मी घेत नाही.

या सर्व सवयी चांगल्या आहेत. कोणी विचारले तर मी त्या सांगेनही. पण त्यांनी शरीर निवत होते आणि राग जागेवर होता. गोळीच्या पाकिटावर तर त्याचा उल्लेखही नव्हता. कोणी काही बोलले, की त्याचे वाक्य पुरे होण्याच्या आत माझे उत्तर तयार असे आणि बाहेर पडायला वाव मिळेपर्यंत ते छातीत धक्के देत राही. हा जो मधला क्षण, तिथे माझे काहीतरी झिजत होते.

मग एका संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो कोठेतरी रस्त्यावर होता. मागे वाहनांचा आवाज, मध्येच शब्द तुटत होते. तो म्हणाला, “नाना, डॉक्टरांशी बोललो मी. मला नाही वाटत हे जमेल. दिवाळीनंतर घर बंद करू.”

उत्तर तयार होतेच. परंतु लाइन खराब होती, रिसीव्हरसारखा कानाशी धरलेला फोन खरखरत होता, आणि माझ्या तोंडून उत्तराऐवजी नोकरीतली जुनी सवय बाहेर पडली. शेजारच्या स्टेशनचा मास्तर गाडी सोडण्याची परवानगी मागतो, तेव्हा तो जे बोलला ते शब्दशः परत म्हणायचे असते. तो ‘बरोबर’ म्हणतो. त्यानंतर, अगदी वेगळे असे, आपले उत्तर द्यायचे: मार्ग मोकळा असेल तर परवानगी, नसेल तर नकार. त्या परवानगीला आम्ही लाइन क्लिअर म्हणतो. ऐकणे, परत म्हणणे आणि परवानगी देणे ही तीन निरनिराळी कामे आहेत. ती एकात एक मिसळली की अपघात होतात.

तर मी म्हणालो, “तू डॉक्टरांशी बोललास. तुला हे जमेल असे वाटत नाही. दिवाळीनंतर घर बंद करायचे.”

पलीकडून ‘बरोबर’ येईना. मला वाटले फोन बंद पडला.

“नाना,” तो म्हणाला, “तुमच्या तोंडून ऐकलं की फार वाईट वाटतं ते. तसं नाही म्हणायचं मला. मला भीती वाटते, एवढंच.”

“तुला भीती वाटते, एवढंच.”

“हां. बरोबर.”

फोन ठेवला आणि माझ्या ध्यानात आले, की छातीत धक्के देणारे ते उत्तर निघून गेले होते. कुठे गेले, मला ठाऊक नाही. दुसऱ्याचे वाक्य सबंध आपल्या तोंडात धरायचे म्हणजे आपले वाक्य तेवढा वेळ बाहेर ठेवावे लागते, आणि बाहेर ठेवलेली पुष्कळ वाक्ये निवतात. श्वास घेणाऱ्या त्या बाईने मला हेच सांगायचा प्रयत्न केला असेल. पण तिचे मला कळले नाही आणि हे कळले, कारण हे माझ्या कामातले होते.

त्या दिवसापासून मी ही रीत घरात आणि गावात सुरू केली. दूधवाला म्हणाला, दूध पातळ नाही. मी म्हणालो, “दूध पातळ नाही असे तुझे म्हणणे आहे.” तो चुळबुळला आणि दुसऱ्या दिवशी दूध खरोखरच बरे आले. मुलाशी रोज बोलणे होऊ लागले. एकदा टपरीवर पेरूच्या बागेचे तेच मालक भेटले. त्यांनी मला पाहताच पुन्हा ती एक्स्प्रेस काढली. बाकावरचे सगळे सरसावून बसले. मी म्हणालो, “ती एक्स्प्रेस पुणतांब्याला थांबत होती, असे आपण म्हणता.”

“म्हन्तो. माज्या वडलांचा हात धरून उतरलोय मी हितं. म्हातारं पुढच्याच साली गेलं.”

“वडिलांचा हात धरून तुम्ही इथे उतरलात. आणि वडील पुढच्याच वर्षी गेले.”

ते कपातल्या चहाकडे पाहत म्हणाले, “बरोबर.” मग त्यांनी मला चहा घ्यायला लावला. ती गाडी एक्स्प्रेस नव्हती. ती सकाळची पॅसेंजर होती, आणि तिच्या डब्यांचा रंग तोच असल्यामुळे त्यांची गल्लत झाली असावी. पण हे त्या दिवशी मी बोललो नाही. येथे लिहितो आहे.

परिणाम काय झाला, तर संध्याकाळपर्यंत गावभर झाले, की एक्स्प्रेस थांबत होती असे मास्तरने स्वतः कबूल केले. दुसऱ्या सकाळी शिंपी दारात उभा. “कम्माल झाली मास्तर. तुमी हार मानली?”

माझ्या कानात पुन्हा ती वाफ सुटू पाहत होती. मी दाराच्या चौकटीला हात टेकला आणि रीतीप्रमाणे म्हणालो, “मी कबूल केले, की एक्स्प्रेस पुणतांब्याला थांबत होती.”

“बगा!” शिंप्याने टाळी वाजवली. “वैनी, भायेर या. पुन्यांदा कबूल केलं यांनी!”

आणि मला हसू फुटले. ओसरीच्या खांबाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसलो. शिंपी हसला, पत्नी दारात येऊन नुसतीच पाहत राहिली. “म्हन्लं न्हवतं,” शिंपी डोळे पुसत म्हणाला, “इनोद मागून येतोय म्हनून?”

परत म्हणणे म्हणजे होकार नव्हे, हे मी त्याला नंतर सविस्तर समजावले. त्याला समजले असे मला वाटत नाही. गावाला तर नाहीच. माझ्या रीतीचा हा एक तोटा आहे आणि तो मी लपवत नाही: तिच्यामुळे मी कित्येक गोष्टी कबूल केल्याची नोंद लोकांच्या तोंडी झालेली आहे. त्या सर्व मी या लेखाने नाकारतो.

दिवाळी आली. मुलगा सूनबाईंसह आला आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही राहात्याला गेलो. डॉक्टरबाईंनी पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा मोजला. यंत्राविषयी मी काही बोललो नाही. या खेपेला यंत्र बरोबर होते. “छान,” त्या म्हणाल्या. “गोळ्या लागू पडल्या.”

“गोळ्या लागू पडल्या, असे तुमचे म्हणणे आहे,” मी म्हणालो.

“हो काका,” त्या हसल्या. आता त्याही माझ्या कबुलीच्या साक्षीदार आहेत. गोळ्या मी सोडलेल्या नाहीत. त्यांच्याशी माझे वैर नाही. श्रेयाचा प्रश्न वेगळा आहे.

परतीच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी रेंगाळली आणि मुलगा आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाला, “जिंकलात नाना. राहा तुम्ही इथं. मी दिलेला शब्द पाळतो.” मी बाहेर पाहत होतो. जिंकल्यावर माणसाने फार बोलू नये.

दुपारी सूनबाई आणि मुलगा आत फराळाचे डबे भरत होते. पत्नी ओसरीवर मेथी निवडायला बसली. मी माझ्या खुर्चीत. मनमाडकडची मालगाडी आली. काच थरथरली, पेले वाजले. तिचा हात थांबला. मी खिडकीकडे न जाता, का कोण जाणे, तिच्याकडे पाहत राहिलो. तिचे डोळे मिटलेले होते. मुठीतली जुडी तिने इतकी आवळली होती, की देठ मोडले.

गाडी गेली. डोळे उघडून ती म्हणाली, “मला पुण्याला जायचंय.”

उत्तर तयार होते. आपण जिंकलो आहोत, मुलाने शब्द दिला आहे, वगैरे. पण रीत आता हाडात उतरली होती.

“तुला पुण्याला जायचं आहे.”

“बरोबर. तिथं मला झोप लागते.”

“तिथं तुला झोप लागते.”

“इथं लागत नाही. क्वार्टरमध्येही कधी लागली नाही.” तिने मोडलेले देठ वेगळे केले. “तुम्ही ड्यूटीवर असायचात. गाडी यायची. ती नीट गेली, सगळी गेली, असं ऐकू आल्याशिवाय माझा डोळा लागायचा नाही. काही झालं तर आधी तुम्हालाच धरतील, असं वाटायचं. ड्यूटी संपली तुमची. माझी नाही संपली. अजून गाडी आली की सगळी जाईपर्यंत मला श्वास घेता येत नाही.”

हे वाक्य मी परत म्हणायला घेतले. “मी ड्यूटीवर असायचो. गाडी यायची...” आणि पुढे जाता येईना. नोकरीत मी हजारो संदेश परत म्हटले आहेत. एकही असा अर्ध्यावर राहिलेला आठवत नाही. माझी झोप ज्या आवाजावर उभी होती, त्याच आवाजाने तिची झोप नेली होती, आणि घर रुळांपासून हाकेवर बांधताना मी जागा तिला दाखवली होती ती दुपारी, गाड्या नसताना.

“तू हे कधी बोलली नाहीस,” मी म्हणालो. ते खरे होते आणि मी ते मागे घेत नाही.

“तुम्हीच सांगायचात ना? विचारणा आल्याशिवाय उत्तर द्यायचं नसतं म्हणून. विचारणा कधी आली?”

आत डब्यांचा आवाज बंद झाला होता. मुलगा दारात येऊन उभा होता, हातात चकलीचा डबा घेऊन. त्याने तोंड उघडले. तिने हातानेच त्याला थांबवले आणि माझ्याकडे पाहिले.

“हे परत म्हणणं झालं,” ती म्हणाली. “ते म्हणजे होकार नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या शिंप्याला नसेल. तीस-पस्तीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंय मी. आता सांगा. लाइन क्लिअर?”

मी खिडकीबाहेर रुळांकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. मार्ग अडवणारा तिथे माझ्याखेरीज कोणी नव्हता.

“लाइन क्लिअर,” मी म्हणालो.

तिने मान खाली घातली आणि मेथीची पुढची जुडी सोडली.

परवा आम्ही निघतो. थंडी पुण्यात काढायची आणि उन्हाळ्यात परत यायचे, असे ठरले आहे. त्यापुढचे तिची झोप पाहून ठरवू. घराला कायमचे कुलूप लागत नाही. किल्ली शिंप्याकडे राहील, तो दारातल्या कढीपत्त्याला पाणी घालील आणि सकाळी एकदा खिडक्या उघडील.

“म्हंजे पोरगं घेऊन चाललंच शेवटी,” किल्ली घेताना तो म्हणाला.

“मुलगा घेऊन चालला, असे तुझे म्हणणे आहे.”

“बगा, कबूल केलं!”

म्हणून हे लिहिले. मला कोणी घेऊन चाललेले नाही. रक्तदाब उतरलेला आहे आणि मी माझ्या परवानगीने जातो आहे. टपरीवर हे कोणी वाचून दाखवावे, अशी माझी इच्छा आहे.

पुण्याला त्या खिडकीत मला झोप लागेल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. पण या उरलेल्या दिवसांत मी एक नवी सवय लावून घेतली आहे. आज दुपारी गाडी आली. पत्नीचा हात थांबला. मी खिडकीशी गेलो, शेवटचा डबा डोळ्यांपुढून गेला, त्यामागची खूण पाहिली, आणि ड्यूटीवर असताना सांगायचो तशा स्वच्छ आवाजात सांगितले, “गेली. सगळी गेली.”

“सगळी गेली,” तिने परत म्हटले, आणि तिचा हात पुन्हा चालू लागला.